दाणा ठेवावा, तेल ठेवू नये

राजूरच्या आमच्या पिढीला तेल म्हटलं की आधी काळा दाणा आठवतो. खुरासणीचा. देशावर त्याला कारळे म्हणत, आम्ही खुरासणीच म्हणायचो. घरातलं तेल सरत आलं की 'तेल आणायला पाहिजे' असं कुणाच्या तोंडी यायचं नाही. 'खुरासणी घाण्यावर टाकायला झाली' असं म्हणायचे. दुकानातून तेल आणणं म्हणजे वर्षाचं गणित चुकल्याची कबुलीच. शेजारीण विचारायची, "का गं, यंदा खुरासणी नाय केली?" त्या प्रश्नात चौकशी थोडी आणि टोमणा जास्त.

अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग, डांगाण. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, शिरपुंजे, सगळीकडची वाट बाजाराला राजुरात उतरते. पाऊस असा की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. खाचरात भात, आणि बाकी सगळा उतार वरकस. त्या उतारावर पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, आणि जमीन दमली की तिसऱ्या साली खुरासणी. मग ती जमीन पडीक टाकायची. खुरासणीला खत नाही, फवारणी नाही, राखण नाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे पोरांना राखणीला बसवायचं कारणच नव्हतं. पोरांचा त्या पिकावर जीव होता तो मुख्यतः एवढ्यासाठी.

भाद्रपद सरता सरता डोंगर पिवळे व्हायचे. आता तो पिवळा रंग बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या भंडारदऱ्याला येतात, माणसं फुलांत उभी राहून फोटो काढतात. त्यातली सोनकी किती आणि खुरासणी किती, हे त्यांना कुणी सांगत नाही. आमच्या घरातल्या बाया पिवळं किती दाट आहे त्यावरून वर्षाच्या तेलाचा अंदाज बांधायच्या. फुलावर माशी फिरतेय ना, एवढं आधी बघायच्या. मधमाशी आली नाही तर खुरासणीत दाणा नीट भरत नाही, कारण तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. हे शास्त्र त्यांनी कुठं वाचलं नव्हतं, पण फुलोरा असेपर्यंत बांधावरचं मोहोळ कुणाला झाडू द्यायच्या नाहीत. झाडणारा जावई असला तरी.

ज्यांना उतार नव्हता, म्हणजे पेठेतले दुकानदार, शाळेतले मास्तर, आदिवासी प्रकल्पाच्या कचेरीतले लोक, ते बाजारातून दाणा घेत. मार्गशीर्षात खळी झाली की डोंगरातल्या बाया डोक्यावर पाटी घेऊन उतरायच्या. हिरडा, नागली, वरई आणि खुरासणी. जाताना मीठ, मिरची, गूळ, लुगडं. आणि तेलाची खरी निवड इथं व्हायची, तेल व्हायच्या आधी.

रीत ठरलेली. पाटीपुढे उकिडवं बसायचं. मूठभर दाणा बोटांतून सोडायचा. वाळलेला असेल तर सळसळतो, ओला असेल तर मुका पडतो. ओल्या दाण्याला वजन जास्त आणि तेल कमी. मग तळहातावर चोळायचा. नवा दाणा काळाभोर, चकचकीत. मागच्या सालचा मळकट. मग फुंकर मारायची, म्हणजे भूस किती आणि खडा किती ते कळतं. हजार दाण्यांचं वजन भरतं जेमतेम 3 ते 5 ग्रॅम, एवढा तो बारीक. त्यात वाळूचा कण लपायला कितीसा वेळ? शेवटी चार दाणे दाढेखाली. कटकन फुटून खमंग लागले तर भाव विचारायचा. जिभेच्या टोकाला खवट लागलं तर पदर झटकून उठायचं, आणि उठताना 'छान आहे हो' असंही म्हणायचं. डोंगरातून चालत आलेल्या बाईचा अपमान करून बाजार करायचा नसतो.

माप पायलीचं आणि अधोलीचं. शेर-छटाक जाऊन किलो सक्तीचा झाला 1962 साली, पण आमच्या आज्यांच्या हिशोबात पायली त्यानंतरही कितीतरी वर्षं फिरत राहिली. पायलीला वर शीग लावता येते. किलोला शीग नाही, ही त्यांची किलोविरुद्धची मुख्य तक्रार, आणि तिला सरकारकडेही उत्तर नव्हतं.

घरी आणलेला दाणा पाखडायचा, पुन्हा दोन उन्हं द्यायची आणि मडक्यात किंवा सारवलेल्या कणगीत भरायचा. तोंडावर कडुनिंबाचा पाला. वरून राख, शेण-मातीचा लिंपा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या घरातल्या म्हाताऱ्या खुदकन हसल्या. राखेतलं बी त्यांच्या ओळखीचं होतं. त्याला दिल्लीत टाळ्या पडतात, हे तेवढं नवीन.

पण वर्षाचा दाणा घरात असताना वर्षाचं तेल एकदम कुणी काढायचं नाही. दाणा ठेवावा, तेल ठेवू नये. हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की त्याचं कारण विचारायचं राहूनच गेलं. कारण पुढे शिकलेल्या नातवंडांनी सांगितलं: खुरासणीच्या तेलात लिनोलिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं, आणि असं तेल हवेला, उजेडाला, उष्णतेला लवकर हार जातं. खवट होतं. कवचातल्या दाण्यात तेच तेल धड राहतं. म्हणून महिन्या-दोन महिन्यांना लागेल एवढीच खुरासणी निघायची. घाण्यावर गेली की साधारण तीन-साडेतीन किलोला किलोभर तेल.

बैलाचा घाणा आमच्यातल्या थोरल्यांनी पाहिला, धाकट्यांच्या वाट्याला विजेचा आला. थोरले अजून भाव खातात. डोळ्यांना झापडं लावलेला बैल, करकरणारी लाट, मधूनच तेल्यानं मारलेला पाण्याचा हबका, आणि त्या हबक्यानंतर एकदम सुटणारा वास. लाटेच्या आडव्या लाकडावर पोरांना बसू द्यायचे, वजन म्हणून. फुकट फेरी आणि वर कामाला आल्याचा मान! आज त्याला कुणी तिकीट लावलं तरी आम्ही देऊ.

तेली चांगला असला तरी घरातलं एक माणूस घाण्याशेजारी बसायचंच. आधीच्यानं शेंगदाणा घातला असेल, करडई घातली असेल, तर उखळात त्याचं उरलेलं असतं. म्हणून पहिलं ओंजळभर वेगळं काढायला लावायचं. दुसऱ्याची खुरासणी आपल्यात मिसळू नये, आपली कमी होऊ नये, हे बघायचं. या राखणीला घरातली सगळ्यात कमी झोप येणारी म्हातारी नेमलेली असायची. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय, ते आम्ही तिच्याकडे बघून शिकलो. गंमत म्हणजे तेल्याची आणि तिची त्या बसण्यातूनच दोस्ती व्हायची. पुढच्या वेळी तो स्वतःच सांगायचा, "आज नको आजी, उद्या सकाळी या, पहिला घाणा तुमचाच टाकतो."

पेंड घरी यायची ती गुरांसाठी. आमची डांगी गुरं, पांढरी-काळी, धो धो पावसात उभी राहणारी. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाणी अंगावर ठरत नाही, असं पशुवैद्य सांगतात. आमची आजी ते श्रेय सरळ खुरासणीच्या पेंडीला देऊन टाकायची. राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन जवळ आलं की पेंडीचा वाटा वाढायचा आणि बैल आमच्यापेक्षा चांगलं जेवायचा. त्याच्या शिंगांना तेल, खुरांना तेल, अंगाला तेल. पोरांच्या डोक्याला मात्र 'तेवढंच बास'.

घाण्यावरून आलेलं तेल गढूळ असायचं. ते लगेच वापरायचं नाही. पितळेच्या कळशीत दोन-चार दिवस स्वस्थ ठेवायचं, गाद खाली बसू द्यायची, वरचं नितळ तेल पळीनं काढून बुदलीत भरायचं. बुदली अंधाऱ्या कोनाड्यात, चुलीपासून लांब. बूच म्हणून दाणे काढलेलं मक्याचं कणीस. तळातली गादही टाकायची नाही; ती दिव्याला. चांगल्या तेलाची खूण डोळ्याला नितळ पिवळं, नाकाला भाजल्या दाण्याचा वास, आणि कढईत टाकल्यावर फारसा फेस नाही. "त्याल नाकानं बघायचं, डोळं फसत्यात," असं आमच्याकडं म्हणत. म्हणूनच पडसं झालेल्या सुनेला तेल आणायला पाठवत नसत.

आणि ते वापरायचं कसं? जपून. तव्याला तेल लावायला अर्धा कांदा, काडीला टोचलेला. त्याच्या पाठीला तेल लागलं न लागलं की तव्यावरून एक हात फिरवायचा. फोडणीला पळी, आणि पळीही काठोकाठ नाही. कालवणावर तवंग आला तर घरात पाहुणा आहे असं समजावं. तळण दिवाळीला, लग्नाला आणि पोरगी माहेरपणाला आली की. तळणीच्या कढईत शेवटी गरम भात टाकून कालवायचा, मीठ भुरभुरायचं. तो भात पोरांत भांडण लावायचा. उरलेलं तेच तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला, तेच तेल भाकरीसोबतच्या चटणीवर, आणि अगदीच काळं झालं की तेच तेल दाराच्या बिजागरीला, गाडीच्या आखाला, कडक झालेल्या वहाणेला. खुरासणीच्या तेलाला आमच्या घरी म्हातारपण होतं, मरण नव्हतं.

चटणीचं सांगायचं राहिलंच. खुरासणी मंद भाजायची, तडतडली की उतरवायची, सुकी मिरची, लसूण, मीठ, आणि पाट्यावर रगडायची. नागलीच्या भाकरीवर ही चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार. ज्या घरात चटणीवर कच्चं तेल घ्यायची हिंमत होते त्या घरातलं तेल चांगलं, यापेक्षा सरळ परीक्षा आम्हाला माहीत नाही. आमच्यातले काही जण आता नाशिकला, काही ठाण्याला. डबा आला की चटणी आधी संपते आणि लाडू आठवडाभर राहतात.

मग एकेक करत बाकीची तेलं घरात शिरली. डालडा त्यातला सगळ्यात थोर. तो बाजारात आला 1937 साली, आमच्याकडे सावकाश. त्यातलं तूप लोकांना कितपत आवडलं कोण जाणे; डबा सगळ्यांना आवडला. पिवळा, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला. त्यात आधी डाळ, मग मीठ, मग तुळस, आणि गंजायला लागला की पहाटे माळाकडे जाताना हातात तोच. एका डब्यानं इतके आश्रम पाहिले म्हणायचे!

मग महागाई. 1972 चा दुष्काळ, सुकडी, मिलो. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि बाया लाटणी घेऊन मोर्चे काढत होत्या. त्यानंतर रेशनवर पामतेल आलं. दिवाळीच्या तोंडावर किटल्या घेऊन रांग. कार्डावर शिक्का पडायचा आणि किटलीत फिकट, वास नसलेलं तेल. वास नाही म्हणजे चांगलं की वाईट, यावर पेठेत दोन पक्ष पडले. निकाल थंडीनं लावला. भंडारदऱ्याकडून वारं सुटलं, पौषातली पहाट झाली, आणि किटलीत पामतेल थिजून बसलं. आमची खुरासणी तशीच वाहती. तेव्हापासून बाजारात सुटं घेतलेलं 'खुरासणीचं तेल' घरात आलं की रात्री वाटीत घालून अंगणात ठेवायचं. सकाळी गढूळलं, थिजलं, तर त्यात दुसरं काही मिसळलंय. प्रयोगशाळा नव्हती, थंडी होती. उन्हाळ्यात मात्र आमचा इलाज चालायचा नाही, आणि भेसळवाल्यांना ते ठाऊक असावं.

भेसळीची भीती काही खोटी नव्हती. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल निघालं. माणसं सुजली, कितीतरी दगावली. सरकारनं सुटं तेल विकण्यावर बंधन आणलं, तेल बंद पुड्यांत आलं. आमच्या दुकानातला पत्र्याचा डबा, हातपंप आणि नरसाळं त्याच सुमारास गेलं. पिवळा धोत्रा आमच्या बांधालाही उगवतो, त्यामुळे वाईट वाटलं तरी कुणी वाद घातला नाही. फक्त पुड्याला नाक लावता येत नाही, एवढी कुरकूर राहिली.

आता घरात ऑलिव्ह ऑइलची बाटली आहे. आमच्या लहानपणी ते औषधाच्या दुकानात मिळायचं, छोट्या डब्यात, बाळाच्या मालिशीसाठी. ते कुणी खात असेल असं वाटायचंही नाही. एका नातवानं पुण्याहून बाटली आणली आणि थोरल्या काकूंपुढे ठेवली. काकूंनी आधी बाटली उजेडाकडे धरली. गडद काच बघून मान हलवली. अंधारात ठेवलेलं तेल, म्हणजे कुणीतरी शहाणं आहे. मग थेंबभर जिभेवर. तोंड वाकडं झालं. "कडवाट हाय. घशाशी खवखवतंय."

"तीच चांगल्याची खूण, आजी. ताज्या फळाचा गुण असतो तो."

"आमच्यात घशाला लागलं की त्याल दिव्याला जातं," काकू म्हणाल्या. पण पुन्हा एक थेंब घेतला. खवटाची खवखव वेगळी आणि ही वेगळी, एवढं त्यांना दुसऱ्या थेंबाला कळलं.

मग नातवानं शिकवणी घेतली. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळ नुसतं दाबून काढलेलं, रसायन नाही, फार ऊन-आच नाही. त्यातलं मोकळं आम्ल 100 ग्रॅमला 0.8 ग्रॅमच्या आत लागतं. आणि तशाच बाटलीत, थोडं स्वस्त, पोमेस म्हणून मिळतं. फळ दाबून उरलेल्या चोथ्यातून रसायनानं ओढलेलं आणि मग शुद्ध केलेलं.

"म्हंजे पेंडीचं त्याल की रं!"

नातू गप्प. त्याच्या मित्रांकडे सगळीकडे पोमेसच होतं, फळाचं समजून घेतलेलं. तसं ते खायला वाईट नाही, तळायला चालतं. फक्त पेंडीचे पैसे पेंडीइतके असावेत. काकूंचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. बाटलीवर काय काय छापलंय ते त्यांनी वाचून घेतलं. भरल्याची तारीख होती, कधीपर्यंत वापरावं ते होतं.

"भरलं कवा ते सांगतो. काढलं कवा ते का नाय सांगत?"

पुण्या-मुंबईच्या चकचकीत दुकानांत आम्ही आता हा प्रश्न विचारतो. एखाद्या बाटलीवर फळ तोडल्याचा हंगाम छापलेला सापडतोही, आणि तीच घ्यावी असं आमचं मत झालंय. विक्रेता आमच्याकडे बघतो ते बघू दे.

खुरासणीचं म्हणाल तर उतार कमी झालेत. तिकडे इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रातून फुले कारळा, फुले वैतरणा असे वाण निघाले. सरकारचा हमीभाव 2024-25 ला क्विंटलला 8717 रुपये होता, 2025-26 ला 9537 झाला. तरी पोरं विचारतात, तीन-साडेतीन किलोला किलोभर तेलासाठी एवढा डोंगर कोण चढणार? जिथलं हे पीक मूळचं आहे त्या इथिओपियात लोक अजून त्याचं तेल खातात. आणि अमेरिकेत? तिकडे हिवाळ्यात अंगणातल्या पिवळ्या चिमण्यांना हा दाणा घालतात, अमरवेलीसारखं तण रुजू नये म्हणून आधी भाजल्यागत गरम करून. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तेल तरी काढून घ्यायचं, पाखरांना पेंड चालली असती.

शहरांत 'लाकडी घाण्याचं तेल' अशा पाट्या झळकतात. पाटी बघून आत जावं, पण हात दाण्याच्या पोत्यात घालावा. दाणा दाखवत नसतील तर परत फिरावं. समोर काढून देत असतील तर थांबावं, पहिलं ओंजळभर सोडायला लावावं, आणि नितळायला चार दिवस धीर धरावा. नातवंडं आता राजूरहूनच तेल मागवतात. काकू महिन्याला लागेल तेवढंच पाठवतात, गडद बाटलीत, वर कागदाच्या पट्टीवर घाण्याची तारीख लिहून. एकदम पाच लिटर पाठवा म्हणणाऱ्याला त्या तेलच पाठवत नाहीत, खुरासणी पाठवतात.